असा परिवार आहे

गोकुळ वडघुले त्या गुरुवारी दौंडहून शिरूरला निघाला तेव्हा त्याच्या डोक्यात दोनच कामं होती. वडिलांच्या दशक्रियेच्या पत्रिका भावकीत द्यायच्या आणि साप्ताहिकवाल्या सोपानरावांकडच्या जुन्या फायलींतून एक कात्रण मिळवायचं. तात्याबांना जाऊन आठवा दिवस होता. आठ दिवस घरात माणसं येत होती, सतरंजीवर खाली मान घालून बसत होती आणि काही न बोलता उठून जात होती. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

गोकुळ कुरकुंभला एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये होता. अठ्ठावीस वर्षं त्यानं एकच काम केलं होतं : मोजायचं आणि लिहायचं. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. तीच शिस्त त्यानं घरच्या वंशावळीला लावली होती. म्हातारी माणसं वंशावळ सांगतात ती दर वेळी वेगळी. एकाच्या तोंडून पणजोबांना चार भाऊ, दुसऱ्याच्या तोंडून पाच. म्हणून त्यानं वेगळी वाट धरली होती. निधनवार्ता. माणूस गेला की छापून येतं, त्यांच्या मागे अमुक मुलगा, अमुक मुलगी, सुना, नातवंडं असा परिवार आहे. एकाच्या निधनवार्तेत मुलाचं नाव सापडतं, मुलाच्या निधनवार्तेत नातवाचं. असं एकाला एक जोडत गोकुळनं एकतीस कात्रणं जमवली होती आणि जाड वहीत डिंकानं चिकटवली होती. शेवटच्या पानावर पट्टी लावून आखलेलं झाड होतं. सगळ्यात खाली त्याची लेक शितल, आणि तिच्याखाली पेन्सिलीनं काढलेली एक रिकामी चौकट. शितलला सातवा महिना होता. ती माहेरीच होती.

वहीत एकच गोष्ट बसत नव्हती.

त्रेसष्ट साली आजोबा गेले. त्यांच्या निधनवार्तेत सगळ्यात शेवटी होतं, मुलगी धुरपदा. एकाहत्तरला आजी गेली. शेवटी मुलगी धुरपदा. नव्वदला एक चुलते गेले, शेवटी बहीण धुरपदा. दोन हजार चारला चुलते हौसरावआबांची बायको साखरबाई गेली, शेवटी नणंद धुरपदा. सोळा साली आबांचा थोरला मुलगा गेला, शेवटी आत्या धुरपदा. म्हणजे तेव्हा ती ऐंशीच्या पुढची असणार. पण तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. ती कुठल्या लग्नाला आली नव्हती, कुठल्या मयताला आली नव्हती. तिच्या सासरचं गाव कुणाला सांगता येत नव्हतं. झाडात गोकुळनं तिच्या नावापुढं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

एकदा त्यानं तात्याबांना विचारलं होतं. ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. "आसंल कुठंतरी," ते म्हणाले आणि अर्ध्या शेंगा तशाच टाकून आत गेले.

म्हणून तात्याबा गेले त्या दिवशी निधनवार्ता लिहिताना गोकुळनं ते नाव घातलं नाही. ज्याचा पुरावा नाही ते छापायचं कशाला? घरातल्या निधनवार्ता आजवर हौसरावआबा लिहून देत. पण खुब्याचं हाड मोडल्यापासून आबा अंथरुणाला होते, आणि गोकुळनं मजकूर परस्पर सोपानरावांच्या मोबाईलवर पाठवून दिला. त्यांच्या मागे भाऊ हौसराव, मुलगा गोकुळ, सून सारिका, नात शितल असा परिवार आहे. शनिवारच्या अंकात तसंच छापून आलं.

सोपानरावांचं साप्ताहिक म्हणजे बाजारपेठेमागं दोन खोल्या आणि पत्र्याची शेड. सुतकाचा माणूस म्हणून गोकुळ ओट्यावरच बसला. सोपानरावांनी सालवार बांधलेले गठ्ठे आतून आणून त्याच्यापुढं टाकले. धूळ उडाली.

"लोक माझ्याकडं वाढदिवसाच्या जाहिराती घेऊन येतात," सोपानराव म्हणाले. "तुम्ही एकटेच असे, मेलेल्यांची विचारपूस करता."

"अठ्ठ्याहत्तरचं एक राहिलंय. थोरल्या चुलत्यांचं. कोंडिबा वडघुले."

"बघा. वाळवीनं ठेवलं असलं तर तुमचं."

ते सापडलं. वैशाखातला अंक. कोंडिबा वडघुले, वय त्रेपन्न. त्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, हौसराव व तात्याबा यांच्यासह तीन भाऊ, मुलगी सिंधू असा परिवार आहे. गोकुळनं दोनदा वाचलं. शेवटी सिंधू होती. धुरपदा नव्हती.

त्याला बरं वाटलं. आपल्याआधीही कुणीतरी हे खोटं नाव गाळलं होतं तर. फोटो काढून घ्यावा म्हणून त्यानं मोबाईल काढला, आणि सवयीनं पुढचा अंकही उलटला.

पुढच्या अंकात, त्याच पानावर, त्याच जागी. सिंधू कोंडिबा वडघुले, वय नऊ. गुरांच्या हौदात बुडून दुःखद निधन.

त्याच्या पुढच्या अंकात चौकट होती. 'कै. कोंडिबा वडघुले यांच्या निधनवार्तेत नजरचुकीने एक नाव राहून गेले. त्यांच्या मागे बहीण धुरपदा याही आहेत.'

"हौदात," गोकुळ म्हणाला. "नऊ वर्षांची पोर?"

सोपानराव चष्मा पुसत होते. "मी तेव्हा कॉलेजात होतो. वडील पेपर बघायचे. सगळे म्हणत होते, हौदात गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. ती दुरुस्ती तुमचे आबा रात्री येऊन वडिलांना उठवून देऊन गेले होते. हात जोडत होते म्हणे." त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "तेव्हापासून प्रत्येक वेळी स्वतः येतात. यंदाच तुमचं मोबाईलवर आलं."

हौसरावआबांची वस्ती घोडनदीच्या काठाला होती. दुपारचे अडीच वाजले होते. वीज गेलेली. उन्हानं पत्रे तडतडत होते. सून कांदा काढायला गेली होती आणि आबा पडवीतल्या कॉटवर एकटेच होते. एक्क्याण्णव वर्षांचं शरीर वाळून लाकूड झालेलं, डोळे मात्र जागे. गोकुळनं पत्रिका पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही.

"पेपरात धुरपदाचं नाव घातलंस ना?"

"नाही, आबा."

 आबा म्हणाले, "लई शाना झालास. बापाला न्हाई कळलं ते तुला कळलं."

"पुरावा नाही तिचा कुठं. कोण आहे ती?"

"ती न्हाई. तेच तर..." आबांनी मान वळवली. पडवीतून नदीचं पात्र दिसत होतं, कोरडं, पांढरं. "शेवटी कुनाचं नाव हाय?"

गोकुळला प्रश्न कळला होता. तरी त्यानं विचारलं, "म्हणजे?"

"यादीत शेवटी कुनाचं नाव हाय, रं?"

"शितलचं."

आबांनी डोळे मिटले. बोलले तेव्हा आवाज इतका खाली होता की गोकुळला कॉटजवळ उकिडवं बसावं लागलं.

"धुरपदा माझ्यापरीस चार वर्सांनी थोरली. नवरा पटकीनं गेला, माघारी आली. वरीसभरात तिला दिवस गेलं. कुनाचं ते तिनं सांगितलं न्हाई. बा नं मारलं, आईनं उपाशी ठेवलं, न्हाई सांगितलं. सातव्यात झाकंना झालं. भादव्याचं, पर आसंच ऊन हुतं. बा तिला हिरीवर घिऊन आला. मी मोट हाकत हुतो. बा म्हनला, हौश्या, बैलं थांबवू नगंस..."

"आबा..."

"न्हाई थांबवली मी. चाकाचा आवाज हुता म्हून बाकीचं काय आयकू आलं न्हाई. आसं मी लोकान्ला न्हाई, माझं मला सांगत आलोय." त्यांचा हात गोधडीवर काहीतरी चाचपत होता. "रातच्याला घोडंत सोडली. पूर हुता. गावात सांगितलं, नगरकडं नंदंपाशी ऱ्हाती."

"आणि विधी?"

"इधी करायचा म्हंजी मेली म्हनायचं. मेली म्हनलं की इचारत्यात, कवा? कशानं? घरात सरपंचकी हुती." आबा थांबले. "बा मेला, तवा धाव्याला पिंडाला कावळा शिवंना. बारा वाजलं. एक वाजला. ज्यानं त्यानं काय काय कबूल केलं. मग मी बसलो पिंडापशी. व्हटातल्या व्हटात म्हनलो, धुरपदे, तुला कवाच मेली म्हननार न्हाई. घरातलं कुनीबी जाऊ दे, मागं ऱ्हायल्यांत तुजं नाव लावू. वाक्य पुरं झालं न्हाई तवर कावळा शिवला."

"आणि अठ्ठ्याहत्तरला?"

"मी म्हनलो, पंधरा वर्सं झाली. आता काय करतीय ती." आबांच्या डोळ्यांतून पाणी नाही, पण काहीतरी गढूळ उतरलं. "तिची जागा हाय ती. तिथं दुसरं कुनी बसलं की त्याला उठवती."

गोकुळच्या खिशात मोबाईल वाजला. शितलचा होता.

"बाबा, तुम्हाला वेळ लागणार आहे का? इथं एक बाई भेटायला आल्यात. आई दळण आणायला गेलीय. तुमची आत्या आहे म्हणतात."

गोकुळ उठून उभा राहिला. "कशा आहेत दिसायला?"

"पदर पुढं ओढलाय, दिसत नाही. लुगडं ओलं आहे सगळं." शितलनं आवाज खाली आणला. "बाबा, वास येतोय. गाळासारखा. मघाशी त्यांनी टीपॉयवरचा पेपर दाखवला आणि म्हणाल्या, आज्याचं छापून आलंय ते वाच. मी वाचलं. माझ्या नावापाशी आले तर म्हणाल्या, परत वाच. तीनदा वाचायला लावलं."

"शितल, तू बाहेर हो. शेजारी जा. आत्ताच्या आत्ता."

"दारातच बसल्यात हो त्या. उंबऱ्यावर. थांबा, पाणी मागतायत..."

फोन ठेवला गेला. गोकुळनं लगेच उलटा लावला. आपण ज्या व्यक्तीला कॉल करत आहात ती व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. परत लावला. व्यस्त. सारिकाला लावला, ती उचलेना. शेजाऱ्यांचा नंबर त्याच्याकडं नव्हता. अठ्ठावीस वर्षं नोंदी ठेवल्या होत्या, शेजारच्या दाराचा नंबर नव्हता.

"पेपरवाल्याला लाव," आबा कॉटवरून म्हणाले. "पोरीला न्हाई. पेपरवाल्याला."

सोपानरावांचा नंबरही व्यस्त. दुसऱ्यांदा व्यस्त. तिसऱ्यांदा लागला.

"सोपानराव, वडघुले बोलतोय. शनिवारच्या अंकात दुरुस्ती घ्या. निधनवार्तेत बहीण धुरपदा राहिलंय. शेवटी. शितलच्या नंतर, शेवटी."

"हो हो, घेतली की," सोपानराव म्हणाले. "लिहून ठेवलंय मी. काळजी करू नका."

गोकुळनं पुढचं ऐकलंच नाही. तो गाडीला किक मारत होता. मागून आबा काहीतरी म्हणत होते, त्यातलं एवढंच त्याच्या कानावर पडलं, "तिनं अजून कायबी मागितलं तर..." बाकीचं गाडीच्या आवाजात गेलं.

न्हावऱ्याचा रस्ता रिकामा होता. दुपारच्या उन्हात डांबर पाण्यासारखं चमकत होतं आणि प्रत्येक चमकीजवळ त्याचा हात ब्रेकवर जात होता. पारगावच्या पुलावर भीमेचा गाळाचा वास आला. नदी आहे, गाळाचा वास येणारच, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पूल संपला. चौफुला मागं पडला. पाटस मागं पडलं. वास राहिला.

शितल ओट्यावर बसली होती. शेजारी सारिका, दळणाचा डबा तिच्या पायाशी तसाच. लेक जिवंत होती. गोकुळ गाडी उभी न करता तशीच आडवी टाकून तिच्यापाशी गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.

"गेल्या त्या," शितल म्हणाली. "पाणी आणायला मी आत गेले. दोन मिनिटंसुद्धा नाही लागली. आले तर उठून उभ्या होत्या. पाणी घेतलंच नाही. विचारलं, कितवा? म्हटलं, सातवा. तर म्हणाल्या, मलाबी सातवाच हाय." ती थांबली. "मग पोटावर हात ठेवला, बाबा. इतका गार हात. ठेवला होता तोवर बाळ हललंच नाही."

"आता?"

"आता हलतंय."

सारिका म्हणाली, "कोण होती हो बाई? तुमची आत्या कुठली? मी रस्त्यानंच आले, मला कुणी दिसलं नाही."

"आणि जाताना 'येते' म्हणाल्या," शितल म्हणाली. "एवढ्या म्हाताऱ्या बाईला कळू नये? दुखवट्याच्या घरात असं म्हणतात का?"

गोकुळ घरात गेला. उंबऱ्यालगतच्या सतरंजीवर एका माणसापुरता ओला डाग होता. शितलचा मोबाईल त्या डागाशेजारी पडला होता. त्याची काच ओली होती, बोटांनी पुसल्यासारखी. गोकुळनं तो सदऱ्याच्या टोकाला कोरडा केला आणि लेकीच्या हातात दिला. लॉगबुकात दर मिनिटाची नोंद करणारा माणूस, पण तिनं कुणाला फोन लावला होता का, हे बघायचं त्याला सुचलं नाही.

शुक्रवार गेला. काही झालं नाही. सारिका आणि तो आळीपाळीनं शितलजवळ जागे राहिले.

शनिवारी भीमेच्या घाटावर दशक्रिया झाली. गोकुळनं डोकं भादरलं, पिंड मांडले, हात जोडून मागं सरला. त्याला वाटलं होतं, आता दुपार होणार. पण भटजी बाजूला होतात तोच बाभळीवरून कावळा उतरला आणि शिवला. भावकी म्हणाली, तात्याबा समाधानानं गेले. कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दहा दिवसांत पहिल्यांदाच गोकुळच्या छातीवरचं ओझं हललं.

शिरूरहून आलेल्या एका पाहुण्यानं पिशवीतून आजचा अंक काढून दिला. "आलंय बरं का तुमचं."

पान चार, खाली, चौकटीत. 'कै. तात्याबा वडघुले यांच्या निधनवार्तेत नजरचुकीने काही नावे राहून गेली. त्यांच्या मागे भाऊ हौसराव, मुलगा गोकुळ, सून सारिका, नात शितल, बहीण धुरपदा व भाचा' आणि इथं बोटभर कोरी जागा, मग 'असा परिवार आहे.'

घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं सोपानरावांना फोन लावला.

"भाचा कुणी सांगितला तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? तुमच्या घरूनच." सोपानराव जरा चिडले. "तुमचा फोन यायच्या आधीच आला होता की. म्हणून तर म्हटलं, घेतलीय दुरुस्ती. थांबा, नंबर सांगतो." त्यांनी नंबर वाचला. शितलचा होता. "आत्याबाई बोलत होत्या तुमच्या. आवाज फार लांबून येत होता, विहिरीतून बोलल्यासारखा. म्हणाल्या, माझं नाव लावा आणि माझ्या लेकाचं लावा. म्हटलं, लेकाचं नाव काय? तर म्हणाल्या, अजून ठिवलं न्हाई. दोन म्हैन्यांनी कळवते. तवर जागा तेवढी सोडा."

घरी आल्यावर गोकुळनं कात्रण चिकटवायला वही काढली. झाडाचं पान उघडलं. शितलच्या नावाखाली पेन्सिलीची चौकट होती, तशीच रिकामी. तिच्यातून वर जाणारी रेघ मात्र शितलकडं जात नव्हती. ती तिरकी वर चढून दोन पिढ्या ओलांडत धुरपदाच्या नावाला जाऊन मिळाली होती. प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. रेघ पट्टी लावून ओढलेली होती, कुठं हललेली नाही, अगदी त्याच्या हातची.

त्यानं रबर घेतला. आतल्या खोलीतून शितलचा आवाज आला.

"बाबा... बाळ परत हलेनासं झालंय."

त्यानं रबर खाली ठेवला.

"आता हललं," ती म्हणाली.